ग्रेलिंग माशी घेत नाही : डबी उघडण्याआधी काय तपासायचं

भाच्याचा फोन रविवारी रात्री साडेनऊच्या सुमारास येतो. तिकडे इंग्लंडात तेव्हा दुपारचे चार वाजलेले असतात, डिसेंबरचा उजेड संपत आलेला असतो आणि तो नदीवरून परत निघालेला असतो. गेल्या हिवाळ्यात सलग चार रविवार मी गोव्यात साखळी गावी व्हरांड्यात बसून एकच वाक्य ऐकलं. "मामा, मासे दिसतात, पण घेत नाहीत. कुठली माशी लावू?" ही माशी म्हणजे गळावर बांधलेला खोटा कीटक.

तो स्विंडनला असतो. गोव्यातली कितीतरी कुटुंबं त्या गावात गेली आहेत. मीही तिथे नऊ वर्षं गोदामात काम केलं आणि रविवारी विल्टशरच्या नद्यांवर उभा राहिलो. तिथला ग्रेलिंग हा मासा तेव्हापासून माझ्या मनात बसला आहे. पाठीवर शिडासारखा मोठा पर, अंगावर रुपेरी-जांभळी झाक, आणि ताज्या माशाला थाइमच्या झुडपाचा वास येतो म्हणून त्याचं शास्त्रीय नावही थायमॅलस. थाइममध्ये जो थायमॉल असतो तोच आपल्या ओव्यात असतो. पहिला ग्रेलिंग हातात घेतला तेव्हा मला स्वयंपाकघरातली ओव्याची बरणी आठवली होती.

भाच्याचा प्रश्न एकट्याचा नाही. आपल्याकडून तिकडे गेलेल्या आणि गरवायची सवय असलेल्या आणखी तिघा-चौघांनी मला हेच विचारलं आहे. म्हणून एकदा नीट लिहून ठेवतो.

आमोण्याला मांडवीच्या काठी माझा आजा गरवायचा. बांबूची काठी, तंगूस म्हणजे गळाचा बारीक दोरा, गरीला सुंगट म्हणजे कोळंबी आणि वर बुचाचा तुकडा. काळुंद्र लागत नसली तर शेजारचे लोक आमिष बदलायचे, सुंगटाऐवजी गांडूळ, गांडुळाऐवजी पीठ. आजा सुंगट बदलत नसे, बूच सरकवत असे. वीतभर वर, पुन्हा वीतभर वर, जोवर गरी तळाच्या दगडांजवळ पोहोचत नाही तोवर. ग्रेलिंगच्या बाबतीत मला जे सांगायचं आहे ते एवढंच: माशी सर्वांत शेवटी बदला. आधी खोली, मग वाहण्याची चाल, मग आकार, आणि हे तिन्ही जमल्यावर रंगरूप.

ज्यांनी फक्त आमिषाने गरवलं आहे त्यांनी एक फरक मनात पक्का धरावा. सुंगटाला वास असतो, चव असते. मासा ते तोंडात धरून ठेवतो आणि तेवढ्यात आपल्याला वेळ मिळतो. गळावर दोरा, लोकर, पिसं गुंडाळून केलेल्या माशीला यातलं काही नाही. ग्रेलिंग ती तोंडात घेतो आणि खोटी आहे कळताच थुंकतो. तिला विश्वास मिळतो तो फक्त ती जिथे आहे आणि जशी वाहते आहे त्यावरून.

म्हणून फोनवर मी माशीचं नाव सांगायच्या आधी एकच विचारतो. मासा नेमकं काय करत होता?

मासा जागचा हलतच नसेल तर

दहा वेळा माशी वरून गेली आणि मासा खडीवर तसाच उभा आहे, ही तक्रार सगळ्यांत जास्त येते आणि तिचं कारण जवळजवळ नेहमी खोली असतं. ग्रेलिंगचं तोंड लहान आणि किंचित खालच्या बाजूला असतं. तळावरचं टिपायला ते सोयीचं. हिवाळ्यात पाण्यावर कीटक कमी उडतात, त्यामुळे त्याचं बहुतेक जेवण खडीतच होतं. तिथे गॅमरस म्हणजे गोड्या पाण्यातले कोळंबीसारखे वाकडे बारीक जीव असतात आणि कीटकांच्या अळ्या असतात. त्याच्या डोक्यावरून फूटभर उंचावरून गेलेली माशी कितीही सुंदर बांधलेली असली तरी तो तिच्यासाठी थंड पाण्यात वर येत नाही.

भाचा म्हणाला, "माझी माशी बुडते की." बुडते, पण तळाला पोहोचते का? स्विंडनच्या आसपासच्या केनेट, वायली, एव्हन या नद्या खडूच्या डोंगरांतून झिरपलेल्या पाण्याच्या. झऱ्याशी त्यांचं पाणी वर्षभर दहा-अकरा अंशांच्या आसपास राहतं आणि इतकं नितळ असतं की चार फुटांचा तळ दीड फुटावर असल्यासारखा वाटतो. आपल्या वाळवंटी नदीचं पाणी पावसाळ्यात तांबडं होतं, तेव्हा निदान खोलीचा अंदाज आपण काठीने घेतो. तिथे डोळ्यांवर विसंबतो आणि फसतो.

तपासायची रीत सोपी आहे. पाण्याच्या पृष्ठभागावर फेसाचे बुडबुडे वाहत असतात, त्यांच्याकडे पाहा. नदीचं पाणी वर जितकं धावतं तितकं तळाला धावत नाही, खडीच्या घर्षणाने तिथे ते मंद असतं. तुमची तंगूस किंवा खुणेसाठी लावलेला रंगीत धागा बुडबुड्यांच्याच वेगाने चालला असेल तर माशी तळाला नाही. तो बुडबुड्यांच्या मागे पडायला लागला, की माशी खालच्या मंद पाण्यात उतरली. दुसरी खूण हाताला कळते. तीन-चार फेकींत एकदा तरी माशी खडीला लागून किंचित अडखळली पाहिजे. कधीच लागत नसेल तर वजन कमी आहे, प्रत्येक वेळी अडकत असेल तर जास्त आहे.

वजन वाढवायचं म्हणजे मोठी माशी लावायची नाही. त्याच आकाराची, पण टंगस्टनचा मणी असलेली लावायची. टंगस्टन पितळेच्या दुपटीहून जड, त्यामुळे १४ किंवा १६ नंबरच्या बारीक गळावरही ते माशीला खाली नेतं. (गळाचा नंबर जितका मोठा तितका गळ बारीक, हे नवख्यांना उलटं वाटतं.) आणि तंगूस बारीक करायची. शेवटचा हातभर तुकडा ०.१२ ते ०.१५ मिलीमीटरचा असावा. जाड तंगुसाला प्रवाह धरतो आणि माशी वर ओढली जाते. भाचा ०.२२ वापरत होता, मोठा ट्राउट लागला तर तुटू नये म्हणून. चार रविवारांतला निम्मा घोटाळा तिथे होता.

खुणेचा धागा आणि माशी यांच्यात खोलीच्या साधारण दीडपट तंगूस ठेवा, म्हणजे कमरेइतक्या पाण्यात पाच फूट. आजाचं बूच सरकवणं ते हेच. एका जागी उभं राहून तीन वेगवेगळ्या खोल्यांवर फेकून पाहिल्याशिवाय माश्यांची डबी उघडू नका.

माझ्या पहिल्या हिवाळ्यात मी तीसेक माश्या विकत घेतल्या होत्या आणि दिवसाकाठी पंधरा-वीस बदलायचो. बोटं गारठून गाठ बसत नसे. जानेवारीत एका दुपारी क्लबच्या एका म्हाताऱ्या सभासदाने माझी डबी पाहिली, काही बोलला नाही, स्वतःच्या टोपीला टोचलेली एक मातकट अळीसारखी माशी काढून मला दिली आणि हाताने खाली खाली अशी खूण केली. दुसऱ्याच फेकीला तंगूस थबकली. त्या माशीत काही विशेष होतं असं मी वर्षभर समजत राहिलो. विशेष एवढंच होतं की तिच्यात तांब्याच्या तारेचे तीन थर होते.

वर येतो, पाहतो, मागे फिरतो

हे दृश्य शरद ऋतूत जास्त दिसतं, सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये, जेव्हा पाण्यावर कीटक निघत असतात आणि तुम्ही तरंगती माशी लावलेली असते. मासा तळातून जवळजवळ सरळ उभा वर येतो, माशीच्या खाली एक क्षण थांबतो आणि परत जातो. इथे खोलीचा प्रश्न नाही, कारण तो वर आलेलाच आहे. इथे शंभरातल्या बहुतेक वेळा दोष ओढीचा असतो.

ओढ म्हणजे तुमची दोरी एका वेगाच्या पाण्यावर पडली आहे आणि माशी दुसऱ्या वेगाच्या. दोरी माशीला ओढते, माशीच्या मागे बारीक रेघ उमटते. खरा कीटक पाण्यासोबत वाहतो, रेघ काढत नाही. ही रेघ तीस फुटांवरून आपल्याला दिसत नाही, माशाला दोन इंचांवरून दिसते. उपाय: जवळ जा, तंगूस लांब करा आणि फेक थोडी सैल पडू द्या, म्हणजे वेटोळी सुटेपर्यंत माशीला मोकळं वाहायला मिळेल. ग्रेलिंग ट्राउटइतका बुजरा नाही. सावकाश पावलं टाकलीत तर बरंच जवळ जाऊ देतो.

फेक किती पुढे टाकायची यातही चूक होते. ग्रेलिंग तळाशी असतो, त्याला वर यायला वेळ लागतो आणि वर येताना तो प्रवाहासोबत मागे सरकतो. पाण्यावर वर्तुळ उठलं तिथे तो राहत नाही, प्रवाहात त्याच्या वरच्या बाजूला हात-दोन हात अंतरावर राहतो. वर्तुळावर माशी टाकली तर ती त्याच्या मागे पडते. वर्तुळाच्या चार-पाच फूट वर टाका. आणि तो चुकला तर लगेच हताश होऊ नका. ट्राउट एकदा फसला की दडतो, ग्रेलिंग मात्र त्याच माशीवर तीन-चार वेळा येतो.

ओढ काढली आणि तरी मागे फिरतोय, तेव्हा आकार. एक पायरी बारीक. १६ लावली असेल तर १८. रंग तोच ठेवा. एका वेळी एकच गोष्ट बदला, नाहीतर काय उपयोगी पडलं हे कधीच कळणार नाही.

झटका बसतो, मासा लागत नाही

हे एकदा खोली जमल्यावर सुरू होतं, म्हणून मला ऐकून बरं वाटतं. तोंड लहान आहे, गळ बारीकच हवा आणि टोक तिखट. नखावर अलगद ठेवून ओढा. घसरलं तर बोथट. खडीला वारंवार लागणाऱ्या माशीचं टोक तासाभरात जातं.

त्याहून महत्त्वाचं म्हणजे झटक्याची वाट पाहू नका. आपल्याकडे बूच बुडायची वाट पाहायची सवय. इथे हाताला झटका कळतो तोवर मासा माशी थुंकून मोकळा झालेला असतो. धागा थबकला, तिरका झाला, किंचित रेंगाळला, की मनगट उचला. दहातल्या सात वेळा खडी असेल, तरी उचला. फेकीच्या शेवटी काठीचं टोक हळूच उचलायची सवयही लावून घ्या. तळावरची माशी तेव्हा वर उठते, अळी पृष्ठभागाकडे निघाल्यासारखी, आणि मागे मागे आलेला मासा नेमका तेव्हा तोंड घालतो. ही युक्ती फ्रँक सॉयर यांनी रुजवली. ते एव्हन नदीवर नेदरेव्हन गावी नदीराखे होते, स्विंडनच्या दक्षिणेला, भाच्याच्या घरापासून फार लांब नाही.

दोन मासे लागले आणि मग सगळं थंड

ग्रेलिंग कळपाने राहतो. एकाला खेळवताना कळप बिथरतो. दोन मासे झाले की दोन पावलं पुढे सरका किंवा दहा मिनिटं बसा, चहा प्या. माशी बदलल्याने मासे परत आले असं वाटतं, पण अनेकदा गाठ मारण्यात गेलेल्या त्या पाच मिनिटांनीच ते परत आलेले असतात. कडक थंडीत अकरा ते दोन-अडीच हीच वेळ. सकाळी सहाला उठून नदीवर जाण्यात काही मिळकत नाही.

मग माशी कुठली

आता डबी उघडू. मी भाच्याला सहा प्रकार ठेवायला सांगितले, आणि त्यातल्या पहिल्या दोनांवर हिवाळा निघतो.

पहिली सॉयर यांचीच किलर बग. ग्रेलिंगसाठीच त्यांनी ती बांधली, गॅमरसचं रूप डोळ्यांसमोर ठेवून. गळावर तार आणि वर राखाडी-तपकिरी लोकर, बाकी काही नाही. ते चॅडविक ४७७ नावाची रफूची लोकर वापरत. ती बनायची कधीच बंद झाली आणि तिच्या उरल्यासुरल्या गुंड्यांसाठी लोक जीव टाकतात. त्या लोकरीचा गुण असा की कोरडी असताना मातकट दिसते आणि भिजली की आतून गुलाबी झाक येते. मी म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात अशी लोकर शोधतो. दुकानदार मला ओळखतो, कारण मी प्रत्येक गुंडीचा धागा पाण्याच्या पेल्यात बुडवून उन्हात धरून पाहतो. लोकर कोरडी पाहून निवडू नका, माशाला ती कधी कोरडी दिसणार नाही. तांब्याची तार पंख्याच्या मोटरी भरणाऱ्याकडून आणतो. खुद्द सॉयर यांनीही आपल्या फेजंट टेल माशीत दोऱ्याऐवजी बारीक तांब्याची तारच गुंडाळली होती, म्हणजे वजन आणि रंग एकाच कामात.

दुसरी तीच फेजंट टेल, तितरासारख्या फेजंट पक्ष्याच्या शेपटीच्या तंतूंची, १६ नंबर, टंगस्टनच्या मण्यासह. ऑलिव्ह जातीच्या कीटकांच्या अळ्या अशाच सडपातळ असतात. पाणी नितळ आणि कमी असेल तेव्हा ही.

तिसरी गुलाबी. आपल्याकडच्या माणसाला ती खेळण्यातली वाटते, भाच्यालाही वाटली. पण पावसाने पाणी ढवळलं की ती लांबून दिसते आणि ग्रेलिंग तिच्यावर येतो. नितळ पाण्यात तीच दहा फेकींनंतर कळपाला नकोशी होते, तेव्हा लगेच काढा. याच कुळातली चौथी, मातकट अंगावर मधोमध एक नारिंगी ठिपका. गॅमरसच्या शरीरात एक परजीवी कृमी शिरला की त्याच्या पाठीतून नारिंगी ठिपका दिसतो. खऱ्या नदीत असे ठिपकेवाले जीव असतात, म्हणून ती माशी नुसती भडक नाही, खरी आहे.

तरंगत्या दोन. क्लिंकहॅमर, जी हान्स फान क्लिंकेन या डच माणसाने १९८०च्या दशकात नॉर्वेच्या ग्लोमा नदीवर ग्रेलिंगसाठीच घडवली. तिचं अंग पाण्याखाली लोंबतं आणि पिसांचं चक्र वर तरंगतं, अर्धवट बाहेर पडलेल्या कीटकासारखं. तळातून वर पाहणाऱ्या माशाला ते लोंबतं अंग आधी दिसतं. आणि ग्रिफिथ्स नॅट, १८ किंवा २० नंबर, हिवाळ्यात दुपारी पाण्यावर चिलटांचे पुंजके दिसतात त्यासाठी.

ग्रिफिथ्स नॅट मी त्याला पाठवत नाही, तो तिथेच घेतो. तिचं अंग मोरपिसाच्या तंतूंचं असतं. आपल्या परसात गळून पडलेलं मोरपीस घरात ठेवायला हरकत नाही, पण देशाबाहेर पाठवायला बंदी आहे, माशीत गुंडाळलेलं असलं तरी. रानकोंबड्याच्या मानेच्या पिसांचंही तसंच. सॅमनच्या जुन्या इंग्रजी माश्यांवर ‘जंगल कॉक’ म्हणून जी चकचकीत ठिपक्यांची पिसं दिसतात ती आपल्या सह्याद्रीतल्या रानकोंबड्याची. सत्तरीच्या रानात पहाटे तो आरवतो तेव्हा मला त्या माश्या आठवतात आणि तो रानातच असल्याचं समाधान वाटतं. नातेवाइकांना पार्सल करणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं: लोकर, दोरा, तार पाठवा, पिसं नको.

आणखी काही गोष्टी, ज्यांचा माशीशी संबंध नाही पण ज्या चुकल्या तर मला वाईट वाटेल. इंग्लंडात १३ वर्षांवरच्या प्रत्येकाला पर्यावरण खात्याचा रॉड परवाना लागतो, शिवाय त्या काठाची क्लबची परवानगी वेगळी. नद्यांवर १५ मार्च ते १५ जून ग्रेलिंगला हात लावायचा नाही, तो त्यांच्या अंडी घालण्याचा काळ. गळाचं काटेरी उलटं टोक पक्कडीने दाबून टाका. लागलेला मासा हात ओले करून, शक्यतो पाण्यातच सोडवा. ग्रेलिंग जोर लावून लढतो आणि दमतो, नुसता सोडला तर उलटा होतो. प्रवाहाकडे तोंड करून त्याला दोन्ही हातांत सरळ धरा आणि तो स्वतः निसटेपर्यंत थांबा. कधी दोन मिनिटं लागतात. बोटं बधिर होतील, होऊ द्या. डिसेंबर-जानेवारीत खडीवर एखादा उजळ, घासल्यासारखा पट्टा दिसला तर त्यावर पाय देऊ नका. तिथे ट्राउटची अंडी पुरलेली असतात.

पाचव्या रविवारी भाच्याने माशी बदलली नाही. तीच किलर बग, ०.१२ची तंगूस, आणि धागा खालून वर तीनदा सरकवला. तीन ग्रेलिंग लागले, चौथा पायाशी सुटला. आज सकाळी मी त्याच्यासाठी अजून बारा बांधायला घेतल्या आहेत, सहा एका थराच्या आणि सहा तीन थरांच्या. थर ओळखता यावेत म्हणून जड माश्यांच्या डोक्याशी लाल दोऱ्याचे दोन वेढे दिले आहेत. पार्सल पोहोचलं की पुढच्या फोनवर त्याला मी आधी हेच विचारणार, की तळाला किती वेळा लागली.